नापास होण्याची खटपट

वाहन तपासणी केंद्रासमोर सकाळी जी रांग लागते, तिच्यातला प्रत्येक माणूस पास व्हायला आलेला असतो. कुणाच्या गाडीचा धूर आवरत नाही, कुणाचं दार दोरीने बांधलेलं असतं, पण चेहरे असे की गाडी कालच कारखान्यातून निघाली. त्या रांगेत एकटे बसकाका नापास व्हायला उभे होते.

बसकाका म्हणजे शाळेच्या बसचे चालक. बसमधली पोरं काका म्हणत, म्हणून सगळी गल्लीही काकाच म्हणे. त्यांच्या बसचा ब्रेक बरेच दिवस धड लागत नव्हता. पाय पार तळाला जाई आणि बस स्वतःच्या मर्जीने थांबे. शाळेच्या फाटकाबाहेर उतार, उताराच्या पायथ्याशी हमरस्ता. काकांनी हे संस्थाचालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं म्हणून ब्रेक बदलायचा का? केंद्राने नापास करू दे, दुसऱ्या दिवशी बदलतो. शब्द देतो." माणूस दिल्या शब्दाला पक्का होता. केंद्र कुणालाही नापास करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता कुणी म्हणेल, तिथे पैसे खात असतील. छे हो! केंद्राचा कारभार स्वच्छ होता. सगळा निकाल एक निदानपेटी देई. स्टिअरिंगखालच्या खोबणीत तिची वायर खोचायची, किल्ली फिरवायची, इंजिन सुरू करायचं. मग पेटी गाडीच्या एकेका भागाला विचारते, बाबा रे, तुझं काही दुखतंय का?

तंत्रज्ञ बाईंनी वायर खोचली. काकांनी स्टार्टर मारला. पेटीचा पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि त्यावर अक्षरं उमटली : दोष आढळला नाही.

"हे काय हो ताई?" काका गोंधळले.

"बंद पडून पुन्हा सुरू झाली. स्टार्टर बॅटरीतून एकदम एवढी वीज ओढतो की क्षणभर व्होल्टेज कोसळतं. पेटीही त्याच बॅटरीवर चालते. व्होल्टेज पडलं की ती झोपते, आणि उठते तेव्हा सगळं विसरलेली असते."

"म्हणजे तपासलंच नाही?"

"तपासलं नाही, म्हणून दोष आढळला नाही. पेटी खोटं बोलत नाही, काका."

"अहो, मग यावर काही इलाज?"

"आहे की! आत एक डायोड आणि एक जाडसा कपॅसिटर टाकला, तर तेवढा क्षण पेटी साठवलेल्या विजेवर निभावून नेईल. पण पेटीला सील आहे. सील तोडलं की पेटी अप्रमाणित, आणि अप्रमाणित पेटीचा निकाल चालत नाही."

"आणि झोपलेल्या पेटीचा?"

"तो प्रमाणित."

काका तडक मुख्य तपासनीस साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, सोपं आहे. आधी बस सुरू करू, मग पेटी लावा."

साहेबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "क्रम ठरलेला आहे. आधी पेटी, मग इंजिन. उद्या म्हणाल, आधी निकाल द्या आणि मग तपासा."

"तेच तर चाललंय, साहेब!"

साहेबांना हे लागलं. त्यांनी प्रकरण वर पाठवलं. वर समिती बसली. समितीने प्रथम शिफारस केली की चालकांनी इंजिन हळुवारपणे सुरू करावे. मग पंखे, दिवे आणि हॉर्न यांना तपासणीच्या काळात विश्रांती द्यावी. पेटी तरीही झोपे. शेवटी सखोल अभ्यासाअंती समितीला एक विलक्षण गोष्ट आढळली. सुरू होणाऱ्या गाड्यांतच पेटी बंद पडते, ओढून आणलेल्या बंद गाड्यांत ती एकदाही बंद पडलेली नाही. तेव्हा दोष पेटीत नसून गाडी सुरू करण्याच्या सवयीत आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. तपासणीत इंजिन सुरू करण्यास सक्त मनाई झाली.

काम झपाट्याने होऊ लागलं. गाड्या ढकलत आत नेल्या जाऊ लागल्या, त्यासाठी सहायक ढकलनीस अशी नवी पदं निघाली. पेटी टक्क जागी राही. वरून साहेबांचं कौतुक झालं, फोटो निघाला. एकच कुरकुर उरली. इंजिन बंद असलं की गाडीतले निम्मे भाग पेटीला उत्तरच देत नसत, ब्रेकही त्यांतच. साहेबांनी तीही मिटवली. नियमात एक ओळ वाढली : जो भाग काही बोलत नाही, त्याची तक्रार नाही असे समजावे.

काका पुन्हा रांगेत लागले. ढकलनीसांनी बस शेडमध्ये ढकलली. काकांनी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभं राहून पाहिलं. बस थांबली नाही. ती शांतपणे साहेबांच्या टेबलापर्यंत गेली, टेबल घेतलं आणि भिंतीपाशी विसावली. साहेब वेळेवर बाजूला झाले म्हणून वाचले.

"पेटी!" साहेब ओरडले. "पेटी बंद पडली का?"

"नाही साहेब, चालू आहे," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. पडद्यावर अक्षरं स्थिर होती : दोष आढळला नाही.

"शाबास!" साहेबांनी सुस्कारा सोडला.

"अहो साहेब, तुमच्या टेबलाचा भुगा झाला! आता तरी नापास करा हो!" काका रडकुंडीला आले.

"टेबल आमच्या तपासणीच्या कक्षेत येत नाही," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या हाताने बसच्या काचेवर हिरवं स्टिकर चिकटवलं.

त्या संध्याकाळी शाळेत पालकसभा होती. काकांनी उठून हात जोडले. "बसला ब्रेक नाही हो! तुमची लेकरं आहेत आत."

एक वडील म्हणाले, "पण स्टिकर तर हिरवं आहे!" एक आई म्हणाली, "काका, उगाच घाबरवू नका. आणि हल्ली तुम्ही बस फारच हळू चालवता. मुलांना उशीर होतो." बाकीचे मूग गिळून बसले. संस्थाचालकांनी काकांकडून किल्ली मागून घेतली. काका घरी आले तेव्हा बायको म्हणाली, "सुटलात एकदाचे!"

दुसऱ्या दिवशी चालक नवा होता, तरतरीत आणि वेळेचा पक्का. शाळा सुटल्यावर काका फाटकाशी उभे राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. नवा चालक पाहायला जमलेले पालक संकोचाने मोबाइलमध्ये बघत होते. बिचाऱ्याची नोकरी गेली, डोक्यावर परिणाम झाला, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

त्या घोळक्यात तुम्हीही होता. सभेतही होता, मागच्या रांगेत. काका खरं बोलतायत असं तुम्हाला वाटलं होतं, पण तुम्ही काही बोलला नाहीत. तेव्हा नियमाप्रमाणे तुमची तक्रार नाही असे समजण्यात आले आहे.

बस उताराला लागली आहे. मागच्या खिडकीतून हात हलवतंय, ते तुमचंच ना?