अण्णा ऊन शोधायला निघाले

लॉजवाल्यानं खोली दाखवली की माणसं खिडकी उघडतात, नळ सोडून बघतात. आमचे शेजारी सुदामअण्णा सरळ जमिनीवर आडवे होतात आणि फरशीला गाल लावतात. दोन मिनिटं डोळे मिटून. मग उठून निकाल देतात, "फरशी खोटं बोलत न्हाय."

अण्णांनी तीस वर्षं एस.टी.ची लाल गाडी चालवली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण बोलणं अजून स्टिअरिंगवरच आहे. एखादी गोष्ट पसंत पडली नाही की हात हलवून म्हणतात, "घ्या मागं!" लेकीला बघायला आलेलं एक स्थळ त्यांनी असंच दारातनं मागं घ्यायला लावलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गुडघे धरले. आमचं धाराशिव डोंगरमाथ्यावर. पौषात वारं सुटलं की सांधे कुरकुरायला लागतात. डॉक्टर म्हणाले, महिनाभर उबदार ठिकाणी राहा. वहिनी म्हणाल्या, "अंगणात ऊन येतंय की, तिथं बसते." पण अण्णा ऐकतायत कुठले! वहिनींना खुर्चीवर बसून घास उतरत नाही, जमीनच लागते. म्हणून ही फरशीची परीक्षा.

पहिला नंबर नळदुर्गचा, मेव्हण्याकडं. घर हायवेला लागून. दुपारी अण्णांचा जरा डोळा लागला, बाहेर ट्रकनं हॉर्न दिला आणि अण्णांनी झोपेतच असा करकचून ब्रेक मारला की पायाशी ठेवलेला तांब्या भिंतीवर! "घ्या मागं!"

परंड्याला लेक आहे. तिनं तर हट्टच धरला. "जावई लई चांगलाय, मास्तर," अण्णा मला म्हणाले, "पर महिनाभर सासरा घरात म्हणल्यावर हसून हसून जबडा दुखायचा त्याचा."

शेवटी कोकण बघायचं ठरलं. मी निवृत्त शिक्षक, रिकामाच, म्हणून मला बरोबर घेतलं. समुद्रकाठच्या गावात एका बाईंनी खोली दाखवली. मी काही सांगायच्या आत अण्णा जमिनीवर. "अरे देवा, ह्यांना काय झालं!" म्हणत बाई धावल्या आणि तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. अण्णा निथळत उठले. चेहऱ्यावर मात्र समाधान. "उबदार हाय. लई ब्येस!"

मग त्यांनी ज्वारीचं पीठ कुठं मिळतं ते विचारलं. बाई म्हणाल्या, इथं तांदळाची भाकरी. अण्णांचा चेहरा उतरला. परतीच्या गाडीत निकाल लागला, "ज्वारीबिगर महिना? घ्या मागं!"

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना सगळा अहवाल दिला. फरशी, पाणी, भाकरी. वहिनींनी एकच विचारलं, "समुद्र खोलीपासनं किती लांब हाय?"

"पायरी उतरलं की समोरच."

"मग पीठ आपण हितनं नेऊ. मला समुद्र बघायचाय."

चाळीस वर्षांच्या संसारात वहिनींनी असं काही मागितल्याचं अण्णांना आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पोतंभर ज्वारी गिरणीत होती.

महिना संपत आला तेव्हा सामान उचलू लागायला मी गेलो. पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वहिनी पातळ वर धरून घोटाभर पाण्यात उभ्या होत्या आणि लाट आली की लहान पोरीसारख्या खिदळत होत्या. अण्णा वाळूत ताठ उभे, हातात वहिनींच्या चपला.

"अण्णा, तुम्ही नाही जात पाण्यात?"

"न्हाय. ती मधीच मागं वळून बघती."

"मग?"

अण्णांनी वहिनींवरची नजर हलवली नाही. "जन्मभर मुक्कामी गाड्या केल्या, मास्तर. सांजंला ती दारात येऊन रस्त्याकडं बघायची, अन् म्या कुठल्या तर परक्या गावात गाडी लावून बसलेलो. आता तिनं बघितलं की म्या दिसलो पायजे."

तेवढ्यात वहिनींनी मागं वळून पाहिलं. अण्णांनी चपलांसकट हात वर केला.