चार सोडून काहीही

दिवाणखान्यात दहा फूट लांबीचं पुस्तकांचं कपाट उभं राहत होतं आणि प्राध्यापकबाई आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या. उभ्या फळ्या कुठे बसवायच्या हे विचारायला सुतार दारापर्यंत गेला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दहाचे हवे तसे तुकडे पाड. फक्त शेजारशेजारचे कितीही तुकडे मिळवले, तरी बेरीज चार यायला नको."

हे त्या आपल्या विद्यार्थिनीला सांगत होत्या. अशा मांडण्या मोजणं हेच त्यांचं संशोधन. सुतार मात्र मान डोलावून परतला आणि कामाला लागला. एकेक फुटाचे चार कप्पे केले, झाले चार. तीन आणि एक, पुन्हा चार. दोन-दोन, तेच. दुपार कलली तेव्हा कुठे त्याला जमलं: दोन, तीन, दोन, एक, दोन.

इतक्यात बाईंचा नवरा घामाघूम होऊन काचेचं दार घेऊन आला. "सेलमध्ये मिळालं. तयार, चार फुटी. परत घेणार नाहीत म्हणाले." दाराच्या दोन्ही कडांना फळीचा आधार हवा होता. त्याने सगळं कपाट टेपने मोजून काढलं. "दादा, इथे चार फूट कुठेच कसं भरत नाही?"

"भरणारच नाही," सुतार अभिमानाने म्हणाला. "मॅडमनीच सांगितलं. मला वाटलं, घरात चाराचं काही वावडं असेल."

बाई बाहेर आल्या, बोटांवर बेरजा करत कपाटासमोरून फिरल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, किती सुरेख झालंय! फुटाफुटाच्या मापात पाचशे बारा मांडण्या होतात. त्यांत अशा फक्त साठ."

"आणि उरलेल्या चारशे बावन्न?"

"त्यांत कुठे ना कुठे चार येतोच."

"म्हणजे यांनी डोळे मिटून फळ्या ठोकल्या असत्या, तरी बहुधा माझं दार बसलं असतं."

बाईंना हसू आवरेना. सुतार ओशाळला. "दादा, तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "ती बरोबर मधली, पाच फुटांवरची फळी तेवढी फूटभर डावीकडे घ्या."

फळी सरकली. डाव्या कडेपासून तिच्यापर्यंत दार अगदी चपखल बसलं. सुतार सवयीने पुढे मोजत गेला आणि थबकला. "मॅडम, इथून पुढेही चारच भरतायत. ही आठ फुटांवरची फळी काढू का?"

"नको, राहू दे," नवरा घाईघाईने म्हणाला.

"का हो?" बाईंनी विचारलं.

त्याने घसा साफ केला. "एकावर एक फुकट होतं. दुसरं दार खाली जिन्यात ठेवलंय. सांगायचा धीर होत नव्हता."