आधी वही दाखवा

घाटघरच्या हिराबाईंनी एका वर्षात एकशे चौदा पुस्तकं वाचली, असं ढोबळे सर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत माइकवरून सांगत फिरले. हिराबाईंनी त्यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. नेलंसुद्धा नव्हतं. त्या एकशे चौदा नोंदी मी केल्या होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आज सांगतोय, कारण गेल्या महिन्यात मला एक निमंत्रण आलं आणि ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निमंत्रणाचं नंतर बघू. आधी माणूस सांगतो.

ढोबळे सर आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि मी देवघेवीच्या टेबलावर बसणारा लिपिक. जुन्नरजवळच्या गावातलं दोन खोल्यांचं वाचनालय ते. सरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नाही, तरी सगळे त्यांना सर म्हणत, कारण ते समोरच्याला आधी रागवायचे आणि मग नाव विचारायचे. भाषणांचा त्यांना नाद होता. विषय ठरलेला: 'तंत्रज्ञान आणि ग्रंथालयांचं भवितव्य'. कुठं वर्धापनदिन, कुठं कॉलेजचं चर्चासत्र, कुठं मेळावा. बोलावणं आलं की सर निघाले. आणि व्यासपीठावर चढले की खुर्चीत बसण्याआधी हात पुढं करायचे.

"आधी वही दाखवा."

वही म्हणजे देवघेवीची वही. कुणी कोणतं पुस्तक कधी नेलं, त्याची. आयोजक बिचारे हार घेऊन उभे, आणि पाहुणा हिशेब तपासायला आल्यासारखा. वही आली की सर ती माइकवर वाचून दाखवत. एका गावात मी सोबत होतो. सर वाचत होते, "मार्च, शून्य. एप्रिल, शून्य. मे महिन्यात तीन पुस्तकं, तिन्ही ग्रंथपालाच्या सौभाग्यवतींनी नेली. जून, शून्य." तिथल्या अध्यक्षांना घाम फुटला. ते पुढं वाकून हळूच म्हणाले, "सर, जेवायला मासवडी केलीये. आटपा जरा." सर माइकमध्येच म्हणाले, "अध्यक्ष म्हणतात मासवडी आहे. तिचीही नोंद वहीत घ्या. या इमारतीतून निदान काहीतरी वाटलं गेलं, असं दिसेल."

त्या दिवशी आम्हाला मासवडी मिळाली नाही. परत येताना नारायणगावात उभ्यानं मिसळ खाल्ली.

शाल ते घेत नसत. "शाल नको, गावातला एक वाचक उभा करा," म्हणत. प्रोजेक्टर मात्र स्वतःचा नेत. जुनाट होता, वजनदार होता, आणि जीपमध्ये सर तो मांडीवर घेऊन बसत. जीपवाला म्हणायचा, "सर, पेटी टपावर टाका की, दोन सीटा वाढतील." सर म्हणायचे, "तू टपावर बस, मी जीप चालवतो." एकदा पडद्यावर 'भविष्य' हा शब्द उमटला आणि नेमकी लाईट गेली. लोक उठायला लागले. सर ओरडले, "बसा खाली! भविष्यात लाईट जाणारच आहे. आता पडद्यावर डावीकडं एक निळा बाण आहे, असं समजा!" आणि अंधाऱ्या हॉलमध्ये पाऊण तास हवेत हात मारत त्यांनी बाण, गोल, चौकोन सगळं दाखवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मशीन आणा, जरूर आणा, पण ते कुणासाठी आणताय ते आधी सांगा. हे ते इतक्या रागानं सांगत, की लोकांना वाटायचं, हा माणूस मशीनच्या विरोधात आहे.

मग आमच्याच वाचनालयात कॉम्प्युटर आला. तो आला त्या दिवशी समितीचे झाडून सगळे सदस्य त्याच्यासोबत फोटोत उभे राहिले. नंतर त्यातल्या एकानंही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे. सरांनी मला बसवून शिकवलं, सभासदांची आणि पुस्तकांची यादी माझ्याकडून भरून घेतली आणि बजावलं, "बबन, आता वही बंद. रोजची नोंद रोज मशीनवर. मी गावोगाव वह्या तपासत हिंडतो, माझ्या घरात घोळ नको."

मी घोळ केला. पहिला महिना नीट गेला. मग आज नाही उद्या करत मी नोंदी साठवल्या. तशा साठवायला होत्या तरी किती? पेपर वाचायला येणारे चार पेन्शनर आणि कादंबऱ्या नेणाऱ्या दोन बायका. तेवढ्यात सरकारी तपासणीचं पत्र आलं. ढोबळे सर नसताना आमच्या समितीचे अध्यक्ष आले आणि मला म्हणाले, "आकडा कमी दिसला तर आपला दर्जा उतरतो, अनुदान कापलं जातं, बबनराव. मग पहिल्यांदा लिपिकाची जागा जाते. बघा बुवा." एवढंच बोलून गेले. माझी दोन्ही मुलं तेव्हा शिकत होती. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं म्हणून सांगतो.

तीन दुपारी बसून मी वर्षभराची देवघेव तयार केली. सगळ्यांना सारखी पुस्तकं दिली तर संशय येईल, म्हणून कुणाला चार दिली, कुणाला चाळीस. एका नावावर भरपूर टाकायची होती. असं नाव हवं होतं, ज्याच्याकडं जाऊन कुणी विचारणार नाही. यादीत बोट फिरवलं. हिराबाई, मुक्काम घाटघर. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेलं गाव. इतक्या लांब कोण जातंय? तिथल्या बाईला कोण काय विचारतंय? हा विचार मी केला. नोंदी खोट्या होत्या यापेक्षा या विचाराची मला जास्त लाज वाटते. पुस्तकांचे क्रमांक तर मी डोळे झाकून टाकले.

तपासणी पार पडली. आणि एका सकाळी सर हातात छापील कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांनी मशीनला विचारलं होतं, सगळ्यात जास्त पुस्तकं कुणी नेली? मशीननं उत्तर दिलं होतं.

"घाटघर, बबन! अरे, घाटघर!" त्यांनी कागद माझ्यापुढं आपटला. "आणि वाचलंय काय बघ. द्राक्षबागेची छाटणी. शिवणकाम. आयकर मार्गदर्शक! आपण समजतो, डोंगरातल्या बाईला पोथी द्यावी. ती आयकर वाचतीये!"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, बाई हुशार आहेत."

त्या दिवसापासून सरांची भाषणं बदलली. वह्या मागणं थांबलं. शाल घ्यायला लागले. माइकवर आले की सुरुवातच हिराबाईंपासून. दिवसभर हिरडा गोळा करणारी, भातखाचरात राबणारी एक बाई एकशे चौदा पुस्तकं वाचते, आणि आपण विचारतो ग्रंथालयांना भविष्य आहे का? टाळ्या. प्रचंड टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कितीजणांनी त्या वर्षात एक तरी पुस्तक नेलं होतं, हे जुने ढोबळे सर असते तर त्यांनी तिथल्या तिथं विचारलं असतं. नवे सर डोळे पुसत होते. मागच्या रांगेत बसून मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आज परतीच्या जीपमध्ये सांगायचं. जीपमध्ये सर इतके खुशीत असत, की पेटी टपावर टाकू देत.

घोडेगावच्या मेळाव्यात त्यांनी हिराबाईंचा सत्कार ठेवला. मला न सांगता. हिराबाईंच्या पुतण्याला निरोप धाडला होता. मी हॉलमध्ये शिरलो आणि समोर व्यासपीठावर नऊवारी नेसलेली एक बारीकशी म्हातारी खुर्चीच्या काठावर बसलेली दिसली. मी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसलो.

सरांनी नारळ दिला, साडी दिली, माइक तिच्या तोंडाशी धरला. "हिराबाई, सांगा यांना. कोणतं पुस्तक जास्त आवडलं?"

ती म्हणाली, "कसलं पुस्तक रं बाबा?"

"तुम्ही वाचलेलं."

"मला कुठं वाचाया येतंय? बाजारात तू फारम भरला तवा अंगठा न्हाई का घेतला माजा? तवाच म्या सांगितलं व्हतं, मला अक्षर ठावं न्हाई. तू म्हनला, असू द्या मावशे, नाव तर लागू द्या."

खरं होतं. हिरडा विकायला आलेल्या बायकांना सरांनीच बाजारात उभं राहून सभासद करून घेतलं होतं, त्याला कित्येक वर्षं झाली होती. कागदावर अंगठा होता. मशीनवर फक्त नाव होतं.

आधी कुणीतरी खुसखुसलं. मग सगळा हॉल हसला. ज्यांच्या वह्या सरांनी माइकवर वाचल्या होत्या, ते सगळे तिथं होते, आणि त्यांतला एक जण मागून ओरडला, "सर, आधी वही दाखवा!"

इतका कोडगा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. म्हातारी बावरून सरांकडं बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून. सरांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. वाचनालयात माणसं दोनच. एक ते आणि एक मी. मी मान खाली घालून चपलांकडं बघत राहिलो.

सर माइकमध्ये म्हणाले, "नोंद माझी आहे. चूक माझी. हिराबाईंना हसू नका." आणि तिचा हात धरून त्यांनी तिला खाली उतरवलं.

समितीनं खुलासा मागवला. सरांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिला आणि राजीनामा जोडला. अध्यक्ष मला म्हणाले, "त्या नोंदी तेवढ्या मशीनवरून काढून टाका." सर कपाट आवरत होते. न वळता ओरडले, "नोंद एकदा झाली की खोडत नाहीत. एवढंही शिकला नाहीत तुम्ही?" तो त्यांचा त्या खोलीतला शेवटचा आरडाओरडा. मला ते एक शब्द बोलले नाहीत. रागवले असते तर मी सुटलो असतो.

ग्रंथपाल मी झालो.

पुढं तीनेक महिन्यांनी सर सभासद म्हणून आले, रांगेत उभे राहिले आणि एक पुस्तक घेऊन गेले. आठवड्यानं परत केलं, दुसरं नेलं. शिवणकाम. मग कुक्कुटपालन. सर आणि कुक्कुटपालन? घरात एकटा माणूस, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. पाचव्या की सहाव्या पुस्तकाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हिराबाईंच्या नावावरची जुनी यादी काढून ताडून बघितली. सर माझ्या यादीच्या क्रमानं पुस्तकं नेत होते.

सर पुस्तक घेऊन घाटघरला जातात, असं जीपवाल्याकडून कळलं, आणि पुढच्या गुरुवारी मी रजा टाकून घाटघरची जीप धरली. दोघांनाही सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघालो होतो. हिराबाईंचं घर विचारावं लागलं नाही. सरांचा आवाज वाटेवरच ऐकू आला. ओट्यावर बसून ते 'आयकर मार्गदर्शक' वाचत होते, भांडल्यासारखे. म्हातारी नाचणी पाखडत होती. मी गोठ्याच्या कुडाआड थांबलो.

"ह्यो टॅक्स मला लागतो का रं?" ती म्हणाली.

"नाही लागत."

"मंग मला कशापायी सांगतो?"

"तुमच्या नावावर नोंद आहे."

"तुजी नोंद गेली खड्ड्यात. घरात बोलाया कुनी न्हाई, म्हनून हितं येऊन वरडतो, व्हय ना?"

सरांनी बोट घालून पुस्तक मिटलं. मग अगदी हळू म्हणाले, "व्हय, मावशे."

"मंग वरड. पर भाकर खाऊन जा. परवाच्यासारका न खाता पळू नको."

त्यांनी पुस्तक उघडलं आणि परत आवाज चढवला. मी दोन पावलं पुढं टाकली आणि मागं फिरलो. जीपमध्ये बसून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत.

आता ते निमंत्रण. घोडेगावच्याच हॉलमध्ये, तोच विषय, वक्ता मी. खाली पेननं लिहिलंय, 'मागच्या वेळी ढोबळ्यांनी केला तसा प्रकार होऊ नये, ही विनंती.' ढोबळ्यांनी केला! ते निमंत्रण मी फाडायला घेतलं आणि थांबलो, कारण लोक तसं म्हणू शकतात ते माझ्यामुळं.

मी होकार कळवला आहे. हा मजकूर लिहिला म्हणजे काही फिटलं, असं मी समजत नाही. लिहिणं सोपं आहे, समोर कुणी हसत नाही. त्या नोंदी बबननं केल्या, ढोबळे सरांनी नाही, हे एक वाक्य त्याच हॉलमध्ये, उभं राहून, त्याच माणसांसमोर मी सरांना देणं लागतो. आणि हिराबाईंच्या ओट्यावर जाऊन, तुम्हाला कुणी विचारणार नाही म्हणून मी तुमचं नाव घेतलं, हे त्यांना सांगणं बाकी आहे.