फोन बॉयलरजवळ धर

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी मिस्तरींनी आयुष्यात पहिल्यांदा रजा मागितली. जुळं बघायला नव्हे. जुळं बघायला ते एका रविवारी सकाळी गेले होते आणि संध्याकाळी परत आले होते. रजा मागितली ती रॉकेट उडताना बघायला.

"नातवंडांना मांडीवर घ्यायला तुम्हाला सवड नव्हती," बायको म्हणाली, "आणि त्या नळकांड्यासाठी आहे?"

"नातवंडं कुठे पळून जात नाहीत. रॉकेट एकदा गेलं की गेलं."

मिस्तरी एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळत. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं त्यांच्या वाफेवर धुतलं आणि वाळवलं जाई. ऐन विशीत त्यांनी शेजारच्या कारखान्याचा बॉयलर फुटताना पाहिला होता. छप्पर फोडून तो वर गेला आणि दोन गल्ल्या ओलांडून मोकळ्या मैदानात जाऊन पडला. जेवणाची सुट्टी होती म्हणून कोणी दगावलं नाही. पण त्या दुपारी मिस्तरींच्या पोटात जो गोळा आला, तो काही पुन्हा विरघळला नाही. ते बॉयलरकडे कधी पाठ करत नसत. डबासुद्धा त्याच्याकडे तोंड करून खात. घरी कुकरची शिट्टी झाली की घास हातात धरून स्वयंपाकघरात डोकावून येत.

पाण्याने भरलेलं लोखंडी पिंप आगीवर ठेवायचं आणि ते उडू द्यायचं नाही, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. आणि तिकडे शिकलेसवरलेले लोक तसलंच पिंप मुद्दाम पेटवतात, मुद्दाम उडवतात, आणि ते उडालं की टाळ्या वाजवतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं, तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. हे एकदा समोर उभं राहून बघायचं. आपण ज्याला एवढे घाबरलो ते कुणीतरी ठरवून करतं आणि कुणाला काही होत नाही, हे डोळ्यांनी बघितलं तर पोटातला गोळा जाईल, अशी त्यांची समजूत होती. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "बघायचंय," एवढंच म्हणाले.

अडचण एकच होती. बॉयलर सांभाळायचा परवाना कारखान्यात आणखी एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस म्हणजे मिस्तरींचा मेव्हणा. कामगार त्याला निवांत म्हणत. कुणी ठेवलं होतं ते नाव, कोण जाणे, पण ऐकणाऱ्याला कधी कारण विचारावं लागलं नाही.

"दाजी, तुम्ही अगदी बिनघोर जा," निवांत म्हणाला.

हे ऐकून मिस्तरींना दरदरून घाम फुटला.

बरोबर बायको आणि आत्या. आत्या म्हणजे मिस्तरींच्या वडिलांची बहीण. तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. ऐकू येत नसल्याने मागून काय येईल याचा तिला नेम नसे, म्हणून ती कायम भिंतीला पाठ लावून बसे. समुद्राजवळच्या गावात टायरच्या दुकानावरची खोली मिळाली. आत्या खोलीत शिरली, वरच्या पंख्याकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि आपली वळकटी दाराशी नेऊन पसरली.

"आत्याबाई, तिथे वारा नाही लागणार," बायको मोठ्याने म्हणाली.

"मेलं पडलं डोक्यावर तर?"

"पंखा आहे तो. पडायला काय झालं?"

"त्याला कुठे ठाऊक आहे पडायचं नाही ते?"

मिस्तरींना हे म्हणणं पटलं. त्यांनीही वळकटी सरकवली.

पहिल्या दिवशी सकाळी तिघं मैदानावर जाऊन बसली. माणसंच माणसं. समोर खाडी, खाडीपल्याड लांबवर रॉकेट, काडेपेटीतल्या काडीएवढं. बायकोने नीट बघून घेतलं आणि विचारलं, "वर गेल्यावर ते खाली कुठे येतं?"

"खाली येत नाही."

"वर गेलेलं खाली येत नाही?"

"काही तुकडे येतात. समुद्रात."

"आणि समुद्र कुठे आहे?"

मिस्तरींनी समुद्र दाखवला. तो सगळ्या बाजूंनी होता. बायकोने पदर डोक्यावरून घेतला, जणू तेवढ्याने निभावणार होतं.

दुपारी कर्ण्यावरून सांगितलं, वर वारा फार आहे, आजचं उड्डाण उद्यावर गेलं. लोक कुरकुरत उठले. मिस्तरींनी कारखान्यात फोन लावला.

"काय आवाज येतोय?"

"कसला?"

"बॉयलरचा. फोन बॉयलरजवळ धर."

निवांतने धरला. मिस्तरींनी दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. आग नीट धडधडत होती, वाफेची सुरावट बरोबर होती. "शिट्टीच्या झडपेतून जरा सूं सूं येतंय का रे?"

"ती माझी चहाची किटली आहे, दाजी."

दुसऱ्या दिवशी उड्डाण थांबलं ते एक झडप गळते म्हणून. शेजारी बसलेले एक चष्मेवाले गृहस्थ भडकले. "एवढा पैसा ओततात आणि साधी झडप गळते. उडवून टाकायचं तसंच."

मिस्तरी अंगावर पाल पडल्यासारखे त्यांच्यापासून लांब सरकले. "झडप गळत असताना पेटवायचं?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं. "असा माणूस आपल्या जवळ का बसवला?" त्या दिवशी त्यांनी कारखान्यात चार वेळा फोन केला आणि प्रत्येक वेळी झडपेची चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी मनाई केलेल्या पाण्यात कुणाची तरी मासेमारीची होडी शिरली. चौथ्या दिवशी नुसतंच ‘तांत्रिक कारण’. कारण कळलं नाही म्हणून मिस्तरी जास्तच घाबरले. एव्हाना बायकोची चिडचिड सुरू झाली होती. टायरवाल्याच्या हातोड्याने आत्या सोडून सगळ्यांची डोकी उठली होती. मालकांचा निरोप आला होता, की परवापर्यंत या. आणि मिस्तरींचं असं झालं होतं, की इथे बसलं की मन बॉयलरपाशी आणि उठून जावं म्हटलं की पाय रॉकेटपाशी. रात्री स्वप्नात त्यांना दिसे, की निवांत खाडीपल्याड बसलाय आणि रॉकेट कारखान्यात चादरी वाळवतंय.

"चला घरी," बायको म्हणाली. "तुम्हाला धड बघताही येत नाहीये आणि धड सोडताही."

"उद्या शेवटचं. उद्या नाही उडालं तर निघू."

"आणि उडालं तर?"

उडेल, या विचारानेच त्या रात्री मिस्तरींनी वळकटी दाराच्या आणखी जवळ सरकवली.

शेवटच्या दिवशी आभाळ कोरं होतं. वारा पडलेला. आत्या दुमडायच्या खुर्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पाठ लावून बसली. बायको तिच्या शेजारी. कर्ण्यावर उलट मोजणी सुरू झाली आणि मिस्तरींचे गुडघे आपोआप वाकले. पळायचं झालं तर कुठून पळायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. मोजणी थोडी पुढे सरकली आणि थांबली. कर्णा म्हणाला, तपासणी चालू आहे, कृपया थांबा.

"गेलं आजचंही," चष्मेवाले म्हणाले.

थांबलं म्हटल्यावर मिस्तरींच्या मनाने उडी मारली ती थेट कारखान्यात. सोमवार होता. सोमवारी दवाखान्यांच्या चादरी दुप्पट येतात, दाब वाढवावा लागतो. त्यांनी फोन काढला.

"अहो, आता कशाला?" बायको म्हणाली.

"दोन मिनिटं. इथे आवाज फार आहे, मी टाकीमागे जातो. सुरू झालं की मला हाक मार."

"हो."

"नक्की?"

"हाक मारायला येते मला. रोजच मारते."

टाकीमागे शांतता होती. निवांतने फोन उचलला. "दाजी, अहो आत्ताच तर केला होतात."

"दाब वाढवलास?"

"वाढवला."

"फोन बॉयलरजवळ धर. अजून जवळ. आता बोलू नको."

मिस्तरींनी नेहमीसारखं दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले, आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. धडधड येत होती. पण तिच्यात आज काहीतरी वेगळं होतं. कोरडं होतं. खरखरीत. आपल्या भीतीचा आवाज आहे की बॉयलरचा, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी बोट आणखी आत दाबलं.

टाकीच्या पुढच्या बाजूला मोजणी पुन्हा सुरू झाली होती. बायकोने ठरल्याप्रमाणे हाक मारायला तोंड उघडलं. पण कर्णा ‘पाच’ म्हणाला, आणि ‘पाच’ ऐकताच तिने दोन्ही हातांनी कान दाबले, डोळे घट्ट मिटले आणि उघडलेल्या तोंडातून हाकेऐवजी देवाचं नाव घ्यायला लागली. खाडीपल्याड उजेड झाला. आवाज नाही काही नाही, नुसता उजेड, कारण एवढ्या लांबून आवाज पोचायला वेळ लागतो. आत्याने तो पाहिला. "अरे," ती सावकाश म्हणाली, "आलं बघ तुझं." कानात बोट घातलेल्या मिस्तरींना ते ऐकू गेलं नाही.

मग आवाज आला.

तो कानातून आला नाही. जमिनीतून आला, पायांतून चढला, छातीत घुमला. टाकीतलं पाणी थरथरलं. मिस्तरींचे डोळे मिटलेले होते, कानाशी बॉयलर होता, आणि एवढी वर्षं ज्या आवाजाची वाट बघत ते बसले होते तो नेमका हाच होता. बॉयलर फुटत होता.

"आग ओढ," ते फोनमध्ये ओरडले. "निवांत्या, आग ओढ. पाणी सोडू नको. सगळ्यांना बाहेर काढ." आणि ते जमिनीवर पालथे पडले.

तिकडे निवांतच्या हातातल्या फोनमधून काहीतरी प्रचंड कोसळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दाजींची किंकाळी. बॉयलर त्याच्या डोळ्यांसमोर शाबूत उभा होता. पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा दाजींच्या कानावर निवांतचा भरवसा जास्त. त्याने भट्टीतले निखारे फावड्याने ओढून बाहेर काढले, भोंगा वाजवला आणि कामगारांच्या पुढे धावत फाटकाबाहेर पडला.

मिस्तरींनी मान वर केली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. आभाळात एक पांढरी रेघ होती, वरच्या वाऱ्याने वाकडी होत चाललेली. बाकी काही नव्हतं.

"झालं?" बायकोने एक डोळा उघडून विचारलं.

मिस्तरी गुडघे झटकत टाकीच्या पुढच्या बाजूला आले. "हाक का नाही मारलीस?"

"मारणार होते." तिने दुसरा डोळा उघडला. "पडलं तर नाही ना आपल्यावर?"

आत्या मात्र खुर्चीच्या टोकाशी येऊन बसली होती. पहिल्यांदाच तिची पाठ भिंतीला लागलेली नव्हती.

परतीच्या वाटेवर मिस्तरींनी निवांतला फोन लावला, तेव्हा कळलं, बॉयलर शाबूत आहे. रॉकेट गेलं ते गेलंच, आता नोकरीही जाणार. त्यांच्या खोट्या ओरड्याने ऐन सोमवारी काम बंद पडलं होतं, दवाखान्यांच्या चादरी ओल्या पडल्या होत्या. मालकांना काय सांगायचं, याची त्यांनी वाटभर जुळवाजुळव केली. काहीच जुळेना. कारखान्याच्या फाटकाशी मालक स्वतः उभे होते. मिस्तरींनी मान खाली घातली.

मालकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "मिस्तरी, एवढ्या लांबून तुम्हाला ऐकू तरी कसं आलं?"

बॉयलर गार झाल्यावर उघडला, तेव्हा आतलं पाणी पार तळाला गेलेलं होतं. वरचा पत्रा लाल होईतो तापून काळानिळा पडला होता. आणखी थोडा वेळ आग राहिली असती, किंवा घाबरून कुणी गार पाणी सोडलं असतं, तर छप्पर राहिलं नसतं.

"पाणी किती आहे ते काचेत बघितलं नाहीस?" मिस्तरींनी निवांतला एकीकडे घेऊन विचारलं.

"कधी बघणार, दाजी? पाच दिवस तुमचा फोन धरून उभा होतो. तुम्ही म्हणालात, बोलू नको, हलू नको."

मिस्तरींच्या पोटातला गोळा पुन्हा जागच्या जागी येऊन बसला. मालकांना ते काही बोलले नाहीत. मालकांनी जाहीर केलं, की पुढच्या उड्डाणाला मिस्तरींना भरपगारी रजा.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग? कसं होतं तुमचं रॉकेट?"

मिस्तरींनी आत्याकडे पाहिलं. आत्याने हात वर केला. आधी बोटं मिटलेली, मग हळूहळू हात वर, वर, मग तळवा उघडत खाली धुराचा लोट. तिला आवाज ठाऊक नव्हता, त्यामुळे तिच्या हातातलं रॉकेट अगदी शांत, दिमाखात गेलं. "जराही घाईत नव्हतं बरं का," ती म्हणाली. "मला कसलीच भीती वाटली नाही. आणि पडलंही नाही." मिस्तरींना आवाज तेवढा ठाऊक होता. तो त्यांनी घशातून काढला. बायकोने डोळे मिटले.

पुढे जुळी बोलायला लागली तेव्हा दर सुट्टीत हाच खेळ चाले. आत्याचा हात आणि मिस्तरींचा घसा, मिळून एक अख्खं रॉकेट. पुढचं उड्डाण आलं, त्याच्या पुढचंही आलं. मालक म्हणाले, जा. मिस्तरी गेले नाहीत. "बघितलंय की," म्हणायचे, आणि डबा उघडून बॉयलरकडे तोंड करून बसायचे.

आत्या गेली ती जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका दुपारी, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच.