मिरजकर आणि नऊ लिहिणारे

मिरजकर आपला माउस ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि कीबोर्डवर दहा बोटं, एवढ्यावर त्यांनी वीस वर्षं प्रोग्राम लिहिले होते. हडपसरच्या आमच्या कंपनीत ते सगळ्यांत जुने, मी वर्ध्याहून आलेली सगळ्यांत नवी. म्हणून माझी खुर्ची त्यांच्या शेजारी.

एकदा नवं टूल आलं. दोन अक्षरं लिहिली की पुढची ओळ ते स्वतःच सुचवायचं. मिरजकरांनी अर्धा तास वापरलं आणि काढून टाकलं.

"का हो सर?"

"मधेच तोंड घालणारी माणसं भरपूर आहेत. यंत्र कशाला?"

मॅनेजरने काम लवकर मागितलं की हे शांतपणे विचारत, "लवकरची व्याख्या काय?"

त्यामुळे प्लूटोला ग्रहांतून काढल्याची बातमी आली, तेव्हा आता भडका उडणार म्हणून आम्ही त्यांच्या टेबलाभोवती जमलो.

"योग्य केलं," मिरजकर म्हणाले. "इतकी वर्षं ग्रहाची धड व्याख्याच नव्हती. आता आहे. व्याख्या सुधारली की यादी बदलते. जा, कामं करा."

तेव्हा आम्ही शाळांसाठी एक सीडी बनवत होतो. तिच्यात प्रश्न होता: ग्रह किती? नऊचे आठ करायचे, पाच मिनिटांचं काम. मिरजकरांनी तीन दिवस लावले. सीडी अडकली. मॅनेजर तणतणत आला.

"अहो, एक आकडा बदलायचाय!"

"बदलला."

"मग?"

"नऊ लिहिणाऱ्यांचं राहिलंय."

उद्या सकाळपर्यंत झालं नाही, तर काम दुसऱ्याला देईन, अशी तंबी देऊन मॅनेजर गेला. मिरजकरांनी मानही वर केली नाही.

संध्याकाळी मला म्हणाले, "आपण जरा कसब्यात याल? चाचणी घ्यायची आहे."

कसबा पेठेत दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. माई शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मला चहा देताना त्या म्हणाल्या, "पिढ्यान्‌पिढ्या नऊ पाठ करून घेतले गं मी. एकाने आठच लिहिले, तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याचं तोंड आठवतं सारखं."

मिरजकरांनी कॉम्प्युटरवर सीडी लावून ग्रहांचा प्रश्न उघडला. "माई, उत्तर लिही."

माईंचं बोट बराच वेळ कीबोर्डवर घुटमळलं. मग त्यांनी नऊ दाबला.

फुली आली नाही. अक्षरं उमटली: "तुला हे ज्यांनी शिकवलं, त्यांनी तेव्हा बरोबरच शिकवलं होतं. आता आपल्याला आणखी कळलंय. ग्रह आठ."

माईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला.

"कुणी लिहिलं रे हे?"

"टीमने," मिरजकर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यातलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पण मिरजकरांचे कान लाल झाले होते, म्हणून मी मान डोलावली.

"मग जेवूनच जा," म्हणत माई आत गेल्या. पाठोपाठ भांड्यांचा आवाज आला.

मिरजकर खाली वाकून हळूच म्हणाले, "आभारी आहे. टीमला मात्र कळवू नका."