फुलपाड्याचे कुलगुरू

एका कुलगुरूंविषयी मी लिहावं, हा जरा आगाऊपणाच आहे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. चुकलं तर माफ करा. पण बिल्डिंगच्या वॉचमनची तोंडी परीक्षा घेणारा दुसरा कुलगुरू कुठे असेल असं वाटत नाही, म्हणून धीर करते.

पाध्ये सर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटे राहतात. आफ्रिकेतल्या एका देशातल्या विद्यापीठात ते गणित शिकवायचे. तिथे युद्ध पेटलं, वरचे सगळे निघून गेले आणि उरलेल्यांत सर सगळ्यांत जुने, म्हणून कुलगुरू झाले. "अर्ज न करता मिळालेली माझी एकमेव नोकरी," असं ते सांगतात. वर्ग तळघरात भरायचे. वर बॉम्ब पडले तरी "परीक्षा पुढे जाणार नाही" हे सरांचं ठरलेलं वाक्य.

ते वाक्य ते विरारला, आमच्या फुलपाड्यातही घेऊन आले. आमच्या वॉचमनची, शिवामामांची, परीक्षा त्यांनी रविवारी सकाळी जिन्यात घेतली. पाण्याचा पंप कधी बंद करायचा, या प्रश्नावर मामा इतकं सविस्तर बोलत राहिले, की टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहायला लागलं. सरांनी त्यांना नापास केलं. फेरपरीक्षेत मामा पास झाले, तेव्हा सुंदर अक्षरात प्रमाणपत्र लिहून दिलं. सातिवलीला कंपनीत पॅकिंग करणाऱ्या माझ्या आईलाही एक मिळालं. ते बघून तिच्या सुपरवायझरने विचारलं, हे कुठल्या विद्यापीठाचं? आई म्हणाली, "आमच्या जिन्याचं. बसताय का परीक्षेला?"

मीही हसायचे. मग सरांना कमी दिसायला लागलं आणि दर शनिवारी त्यांचे मेल वाचायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा कळलं, की युद्धात छापखाना जळाला म्हणून शेवटच्या वर्गाच्या सदतीस पदव्या सरांनी हातानेच लिहिल्या होत्या. त्या कागदांना पुढे कुणी विचारेना. मरियम नावाच्या विद्यार्थिनीला शिक्षिका व्हायचं होतं, ती कपडे शिवत होती. तिने लिहिलं होतं, सर, पदवी दाखवली की लोक हसतात.

सर दर महिन्याला तिकडच्या सरकारला पत्र सांगायचे, मी टाईप करायचे. उत्तर यायचं नाही. एकदा मी म्हटलं, सर, आता पुरे झालं.

 ते म्हणाले, "अगं, परीक्षा पुढे ढकलली असती, तर ती मुलं दुसऱ्या देशात जाऊन रीतसर शिकली असती. मी हट्ट केला."

 पुढचं पत्र त्यांनी न सांगताच मी टाईप करायला घेतलं.

गेल्या शनिवारी मरियमचा मेल आला. सरांनी तो तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचताना ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणून मी मुद्दाम सावकाश वाचलं. विद्यापीठाच्या तळघरात त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका सापडल्या होत्या. सगळ्यांचे गुण पदव्यांवरच्या गुणांशी जुळले. सदतीसही पदव्या सरकारने मान्य केल्या होत्या, आणि मरियम सोमवारपासून शाळेत गणित शिकवणार होती.