दिविनेच्या लग्नाची मोटार आणि ब्रेकांची मोहीम

मंडळी, सांगतों तें कोणी खरें मानणार नाही, न मानो. आम्ही खासा तेम्यो मेस्त्री, बागिओ शहरीं चाळीस वर्षे मोटारींचे ब्रेक बांधीत आलों, आमचे हातून आजवर एक पेंच वांकडा बसला नाही, हें प्रथम ध्यानी धरावें, मग पुढील मजकूर ऐकावा.

आमचे शेजारी क्रिसांतोसाहेब, यांणी कन्या दिविना उपजली तेच दिवशीं नवस केला जे, हिची स्वारी लग्नास आपलेच मोटारींतून जाईल. मोटार कन्येहून वडील. चर्च उताराचे तळाशी, आणि उतार ऐसा की सुटलें लिंबू वेदीपाशीं जाऊन थांबावें. लग्न दहास, आणि सकाळी सहास पाहतात तों पुढील चाकें चिमट्यासारखीं आवळून थांबविणारे दोन्ही कॅलिपर गंजाने जाम. नवे जोड दोन मास पलंगाखाली निजले होते, ते ओढून काढिले आणि मोहिमेची सरदारी आम्हांस सांगितली.

मग जुने कॅलिपर हातोड्याने हाणून उतरविले आणि नवे चढविले आणि ब्रेक ऑइल भरलें, आणि मग ब्रेकांचे नळींत शिरली हवा काढावयाचें युद्ध मांडिलें. पेडल दाबावयास माणूस पाहिजे, तों अंबो नामे दुसरा शेजारी, ज्यास आपले सायकलीची साखळी चढवितां येत नाही, तो कॉफीचा पेला घेऊन मसलत देऊं लागला, "तेम्योदादा, ऑइल जरा गरम करून ओता की! माझ्या मेव्हण्यानं तसंच केलं होतं." मेव्हण्याची मोटार अद्याप दरींत आहे. सबब खासा नवरीच झगा गुडघ्यावर गुंडाळून आसनीं बसली.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलंय हो काका, पण पाय पार तळाला लागतोय!"

कॅलिपरावरील हवा सोडावयाचा स्क्रू ढिला करितां ऑइल तेवढें बाहेर येई, हवा आंत ठाणें मांडून बसे. तीन बाटल्या खर्ची पडल्या, साडेनऊ जाहले, पेडल भिजल्या पावासारखें लिबलिबीत, आणि खाली घंटा वाजूं लागली. क्रिसांतोसाहेब रडकुंडीस आले.

ते समयीं आम्हांस ईश्वरी स्फूर्ती जाहली. वांकून पाहतों तों डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे! स्क्रू वर असावा तो खाली, आणि हवा वरचे कोपऱ्यांत गढी बांधून सुखरूप. हा गाढवपणा अंबोचा, हें सांगणें नलगे. मग आम्ही एकहातीं अदलाबदल केली, आणि हवा फुस् करून शरण आली, आणि पेडल दगडासारखें कठीण जाहलें, आणि नवरीची स्वारी दहाचे ठोक्यास चर्चादारीं मोटारींतून दाखल जाहली. नवस फिटला, शत्रू जेर जाहला, हें दप्तरीं नमूद करून...

"तेम्योकाका, पुरे!" पोराला मांडीवर थोपटत बसलेली दिविना ओरडली. "अंबोमामांनी कॅलिपरला बोट तरी लावलं होतं का? उलटे तुम्हीच बसवलेत. स्क्रू खाली कसा, हे मी विचारलं. आणि मोटारीतून कोण गेलं? बाबा म्हणाले, नवस गेला खड्ड्यात, लग्न दहाला आहे! त्यांचा हात धरून अख्खा उतार चालत उतरले मी, सँडल हातात घेऊन. तुमची मोटार आली तेव्हा लग्नाच्या जेवणातल्या डुकराची नुसती हाडं उरली होती!"